अंगणातील ऋतू : डोंगरपायथ्याच्या वैद्याची पर्जन्यनोंद आणि औषधी परसबाग

ऋतुचर्या हा आयुर्वेदाचा जनसामान्यांत सर्वाधिक परिचित असलेला उपदेश होय. 'चैत्रात वमन करून घ्यावे', 'श्रावणात बस्तीचा क्रम करावा', 'शरदात पित्त जपावे' अशी वाक्ये आपण सर्वच वैद्य दरवर्षी उच्चारतो, व्याख्यानांतून सांगतो आणि पत्रकांवर छापतो. परंतु तो तो ऋतू खरोखर लागला आहे, हे आपण कशावरून ठरवितो? बहुधा भिंतीवरील दिनदर्शिकेवरून. शास्त्रकारांनी ऋतूंची गणना मासांनी केली हे खरे. पण त्याचबरोबर प्रत्येक ऋतूचे वारा, आकाश, जल, वनस्पती आणि प्राणी यांच्या ठिकाणी दिसणारे लक्षणही त्यांनी तपशीलाने वर्णिले आहे. मास ही खूण आहे आणि लक्षण हे प्रमाण आहे. या दोहोंत अंतर पडले असता वैद्याने लक्षणाकडे पाहावे, आणि त्यासाठी स्वतःच्या अंगणात पर्जन्याची नोंद व औषधींची लहानशी बाग अवश्य ठेवावी, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. वाईच्या बाजूस, सह्याद्रीच्या पायथ्याशी राहून व्यवसाय करीत असताना हे आम्हांस जसे दिसले, तसे वैद्यबंधुभगिनींसमोर मांडीत आहोत.

ऋतुगणनेचे दोन क्रम

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात ऋतूंचे दोन क्रम दिले आहेत. पहिल्या क्रमात माघ-फाल्गुन हा शिशिर, चैत्र-वैशाख हा वसंत, ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद हा वर्षा, आश्विन-कार्तिक हा शरद आणि मार्गशीर्ष-पौष हा हेमंत. दुसरा क्रम दोषांच्या संचय, प्रकोप व प्रशमाच्या दृष्टीने सांगितला आहे. त्यात शिशिर नाही. त्याऐवजी आषाढ-श्रावण हा प्रावृट् ऋतू येतो आणि भाद्रपद-आश्विन हा वर्षा ठरतो. चरकाचार्यांनीही विमानस्थानात शोधनाच्या संदर्भात प्रावृट् ऋतूचा स्वीकार केला आहे.

हा भेद केवळ मतांतराचा नाही. काश्यपाच्या नावाने टीकाकारांनी नोंदविलेला खुलासा असा की, गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक, म्हणून तेथे प्रावृट् आणि वर्षा असे पावसाचे दोन ऋतू मानावेत; उत्तरेस थंडी अधिक, म्हणून तेथे हेमंत आणि शिशिर असे थंडीचे दोन ऋतू मानावेत. ऋतुगणना देशपरत्वे बदलते, हे आपल्या परंपरेने स्वतःच मान्य केले आहे. आता पहिला क्रम जसाच्या तसा सह्याद्रीस लावून पाहावा. त्यानुसार आषाढ हा ग्रीष्म ऋतू. आणि महाबळेश्वरी आषाढात तर दिवसच्या दिवस सूर्यदर्शन होत नाही. तेथील रुग्णास आषाढात ग्रीष्मचर्या सांगणारा वैद्य ग्रंथास धरून बोलतो, पण ग्रंथकारांच्या अभिप्रायास सोडून बोलतो.

यात चांद्रमासांची आणखी एक अडचण आहे. अधिक मासामुळे एकच मास सूर्याच्या गतीच्या तुलनेत जवळजवळ महिनाभर मागेपुढे सरकतो. सन २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलैस लागला आणि निज श्रावण १७ ऑगस्टपासून सुरू झाला. आपल्या शेतकऱ्यांनी हे पूर्वीच ओळखले होते. म्हणून त्यांनी सणवार तिथीवर ठेवले, पण पावसाचा हिशेब मात्र सौर नक्षत्रांवर ठेवला. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस आणि शेवटी हस्ताचा पाऊस, ही साखळी आजही गावोगावी तोंडपाठ आहे. मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारासच लागते. अर्थात अयनचलनामुळे हीही गणना सुमारे ७१-७२ वर्षांत एक दिवस सरकते. म्हणजे तीही खूणच, प्रमाण नव्हे.

एकाच डोंगराचे तीन देश

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे आणि तेथील वार्षिक पाऊस सरासरीने साडेपाच ते सहा हजार मि.मी. इतका असतो. तेथून पाचगणी एकोणीस-वीस किलोमीटरवर. पण पाऊस सुमारे तिसरा हिस्सा. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईस यावे, तर पाऊस सातशे-आठशे मि.मी.वर येतो. त्याच सातारा जिल्ह्यात आणखी पूर्वेस माणदेशात गेल्यास तो पाचशे मि.मी.च्या आसपास राहतो. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे सह्याद्रीच्या कड्यास धडकून वर चढतात, थंड होतात आणि आपले जल तेथेच टाकतात. कडा ओलांडून पूर्वेस उतरताना तेच वारे उष्ण व रूक्ष होतात. पर्जन्यछायेची ही प्रक्रिया शालेय भूगोलात सर्वांनीच वाचलेली आहे. वैद्याने मात्र तिचा अर्थ देशविचारात लावला पाहिजे.

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रारंभी जांगल, आनूप व साधारण असा त्रिविध देश सांगितला आहे. महाबळेश्वर हा आनूपाकडे झुकणारा, वाई साधारण आणि माण जांगल, असे स्थूलमानाने म्हणता येईल. तिन्ही देश एका दिवसाच्या प्रवासात पाहून होतात. वाग्भटाचार्यांनी ग्रीष्म, वर्षा व हिमकाळात साचलेले दोष अनुक्रमे श्रावण, कार्तिक व चैत्र या साधारण मासांत काढावेत असे सांगितले आहे. तेथे 'साधारण' या शब्दास फार महत्त्व आहे. अतिवर्षा, अत्युष्ण व अतिशीत काळ शोधनास अयोग्य, हा त्यामागील हेतू. आता वाईचा श्रावण सामान्यतः ऊन-सरींचा असतो. त्याच दिवशी महाबळेश्वरी संततधार चालू असते. वाईच्या रुग्णास जो काळ साधारण, तोच महाबळेश्वरच्या रुग्णास अतिवर्षेचा. दोघेही आपल्या एकाच चिकित्सालयात येतात. तेव्हा रुग्णाचे गाव विचारणे हे केवळ केसपेपर भरण्यापुरते नाही. तो देशपरीक्षेचा भाग आहे.

कालवैकृताची तीन उदाहरणे

जनपदोद्ध्वंसाच्या वर्णनात चरकाचार्यांनी विकृत काळाची तीन रूपे सांगितली आहेत : ऋतूचे विपरीत लक्षण, अतिलक्षण आणि हीनलक्षण. अलीकडच्या काही वर्षांत आपण ही तिन्ही रूपे पाहिली आहेत.

अतिलक्षण पाहावयाचे तर जुलै २०२१ आठवावा. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मि.मी. पाऊस नोंदविला गेला. माणदेशास जो पाऊस वर्षभर पुरतो, त्याहून अधिक पाऊस येथे एका अहोरात्रात पडला. त्याच दिवसांत सह्याद्रीच्या उतारांवर दरडी कोसळल्या आणि रायगड जिल्ह्यातील तळिये येथे मोठी जीवितहानी झाली.

हीनलक्षणाचे उदाहरण ऑगस्ट २०२३ चे. सन १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातील हा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. निज श्रावणाचा आरंभ याच महिन्यात होता. दिनदर्शिका वर्षा ऋतू दाखवीत होती आणि आकाश मात्र शरदाप्रमाणे निवळले होते. वर्षेत संचित होणाऱ्या पित्तास प्रकोपासाठी जे कडक ऊन लागते, ते दोन महिने आधीच उपलब्ध झाले. आमच्या अनुभवात, ऐन पावसाळ्यात आठवडाभर उघडीप पडून ऊन तापले की आम्लपित्त, शीतपित्त व नेत्रदाह यांचे रुग्ण वाढतात, मग मास कोणताही असो.

विपरीतलक्षण मे २०२५ मध्ये दिसले. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून या सामान्य तारखांच्या बराच आधी, म्हणजे अनुक्रमे २४ मे व २६ मे रोजी पोहोचला. वैशाख अजून सरला नव्हता. ग्रीष्मातील वातसंचयाचा काळ अर्ध्यावर तुटला आणि मंदाग्नीचा काळ लवकर सुरू झाला. त्या पंधरवड्यात रुग्णास सरबते, आमरस व दिवास्वाप यांची उन्हाळी मुभा तशीच ठेवावी, की वर्षाचर्या सुरू करावी? या प्रश्नाचे उत्तर छापील पत्रकात मिळणार नव्हते; अंगणात मिळणार होते.

नोंदवही कशी ठेवावी

यासाठी महाग उपकरणांची गरज नाही. तळ सपाट व बाजू सरळ असलेले काचेचे वा प्लास्टिकचे भांडे घ्यावे. बाजू सरळ असतील तर भांड्याचे तोंड लहान असो वा मोठे, आत साठलेल्या पाण्याची पट्टीने मोजलेली उंची हाच मि.मी.मधील पाऊस होय. झाड, भिंत किंवा पागोळी यांपासून भांडे दूर ठेवावे. जवळच्या अडथळ्याची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट अंतर असावे. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता मोजून भांडे रिकामे करावे, म्हणजे आपली नोंद खात्याच्या नोंदीशी ताडून पाहता येते. अडीच मि.मी. वा अधिक पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस' मानण्याची रीत आहे. एक मि.मी. पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे लक्षात ठेवल्यास पाण्याचा हिशेबही सहज होतो.

सावलीत, वारा खेळेल अशा जागी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर दोन तापमापक टांगावेत. एकाच्या पाऱ्याच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळावे. दोहोंतील अंतर जितके अधिक, तितकी हवा रूक्ष. आदानकाळातील रौक्ष्य आपण ग्रंथात वाचतो. येथे ते अंशांत वाचता येते.

वहीच्या पानावर तारीख, तिथी, पाऊस, कमाल-किमान तापमान, वाऱ्याची दिशा, धुके-दव, वनस्पती व प्राणी यांची लक्षणे, आणि शेवटी त्या दिवशीच्या रुग्णांतील प्रमुख तक्रारी, असे रकाने आखावेत. लक्षणांच्या रकान्यात पळस व काटेसावर केव्हा फुलली, बहावा केव्हा पिवळा झाला, पावशा केव्हा बोलू लागला, काजवे केव्हा चमकले, पहिल्या पावसानंतर शेवळे आणि टाकळा केव्हा उगवला, तेरडा व सोनकी केव्हा बहरली, हे लिहावे. शरदाच्या आगमनासाठी अगस्त्योदयाची नोंद ठेवावी. हंसोदकाच्या वर्णनात त्यास स्थान आहेच. मात्र अगस्त्याचा तारा आपल्याकडे दक्षिण क्षितिजापासून फार वर येत नाही. ज्यांच्या अंगणाच्या दक्षिणेस डोंगर आहे, त्यांस तो उशिरा दिसेल किंवा दिसणारही नाही. अशांनी मोकळ्या माळावर जाऊन पहाटे पाहावे.

रुग्णांचा रकाना सर्वांत मोलाचा. पाऊस आणि तक्रारी एकाच ओळीत आल्या की ऋतुसंधी कोठे पडली ते डोळ्यांस दिसू लागते. शास्त्राने मावळत्या ऋतूचा शेवटचा व उगवत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी मानली आहे. त्या काळातच पूर्वचर्या हळूहळू सोडून नवी स्वीकारावयाची असते. एका वर्षाच्या नोंदीवरून सिद्धांत मांडू नये. पाच वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर आपल्या गावाची ऋतुगणना आपणांस कळू लागेल.

येथे एक सूचना अगत्याची आहे. पावसानंतरचा प्रत्येक ज्वर ऋतुजन्य पित्ताचा समजू नये. डोंगरपायथ्याच्या भागात भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफस या ज्वरांचा विचार प्रथम करावा, अंगावर काळी खपली आहे का हे पाहावे आणि रक्ततपासणीस विलंब लावू नये. आपल्या बागेतील कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. औषधी बाग ही डासांची पैदास करणारी जागा ठरू नये.

सदैव आर्द्र वापरावयाची द्रव्ये

आता बागेकडे वळू. अंगणात काय लावावे, याचे उत्तर शार्ङ्गधराचार्यांनी देऊन ठेवले आहे. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारणी ही नऊ द्रव्ये सदैव ओली वापरावीत आणि ओली म्हणून त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असे त्यांनी सांगितले आहे. बाजारातून येणारी ही द्रव्ये किती महिन्यांपूर्वी तोडलेली असतात, हे आपणांस ठाऊक नसते. यांपैकी प्रसारणी पूर्व भारतात अधिक आढळते. उरलेली आठ द्रव्ये पर्जन्यछायेच्या कोणत्याही गावी दोन गुंठ्यांत होऊ शकतात.

गुळवेलीची दोन-तीन पेरांची कांडी पहिल्या पावसात कडुनिंबाच्या बुंध्याशी लावावी. अडुळसा फांदीपासून येतो. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत, म्हणून तो कुंपणास उत्तम. त्याची पाने वर्षा व वसंतात, पूर्ण वाढलेली असताना घ्यावीत. पिवळ्या फुलांची कोरांटी त्याच कुंपणात बसते. कोहळ्याचे बी मृगात टोकावे आणि फळावर पांढरी भुकटी धरल्याशिवाय ते तोडू नये. बाळंतशोपा म्हणजेच शेपू. दिवाळीच्या सुमारास पेरल्यास शिशिर सरता सरता दाणा हाती येतो.

शतावरीस पाणी हवे, पण साचलेले नको. उंच वाफ्यावर लावून दीड-दोन वर्षांनी, पाने पिवळी पडल्यावर मुळ्या काढाव्यात. मूळ ग्रीष्मात वा शिशिरात, पाने पिकल्यावर घ्यावे, या चरकवचनाशी हे जुळते. अश्वगंधा ही जांगल वृत्तीची. पावसाचा जोर ओसरल्यावर पेरावी आणि पाच-सहा महिन्यांनी काढावी. महाबळेश्वरच्या जांभ्या मातीत व संततधारेत तिचे मूळ कुजते; वाईस ती होते आणि माणदेशात अधिक चांगली होते. जेथे अडुळसा सुखाने वाढतो तेथे अश्वगंधा रुसते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की देशविचार विद्यार्थ्यांस वेगळा शिकवावा लागत नाही.

कुड्यास धीर लागतो. हिवाळ्याच्या अखेरीस तडकणाऱ्या शेंगांतील बी जपून ठेवावे व पावसाच्या तोंडी पेरावे. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा मोकळ्या असतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके कोवळेपणी एकमेकांस जुळलेली असतात. अतिसारावर दोहोंची अदलाबदल करू नये. साल शरदात, छाटलेल्या फांदीची घ्यावी. खोड सोलू नये.

उतार, जल आणि शैत्य

डोंगराजवळच्या बागेचे तीन प्रश्न सपाटीवरच्या बागेस नसतात. पहिला मातीचा. मुसळधार पावसात उतारावरची माती एका रात्रीत वाहून जाते. उताराला आडव्या, समपातळीत वाळ्याच्या रांगा लावाव्यात. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात व माती धरून ठेवतात. आणि हाच आपला उशीर, ग्रीष्मातील दाह-तृष्णेवरचे द्रव्य. मात्र बांध धरणारा वाळा मुळांसाठी उपटू नये. त्यासाठी वेगळा वाफा असावा. दुसरा प्रश्न जलाचा. वर पाऊस पडत असताना पायथ्याची माती अनेकदा कोरडी असते. म्हणून वरचे ढग पाहून पाणी देणे थांबवू नये. पर्जन्यमापक पाहून थांबवावे. तिसरा प्रश्न शैत्याचा. निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी व लिंगमळ्याच्या बाजूस काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून तुळस, आले अशी कोमल द्रव्ये बागेच्या सर्वांत खालच्या वाफ्यात न लावता मधल्या टप्प्यात लावावीत.

रानावरील भार

परसबागेचा विचार केवळ सोयीचा नाही. आपण लिहितो त्या प्रत्येक चिठ्ठीचा भार शेवटी कोणत्या तरी रानावर पडतो. अशोकाची साल, सर्पगंधेचे मूळ, सप्तरंगीचे मूळ ही द्रव्ये घेताना झाडाचा जीवच जातो किंवा धोक्यात येतो. नरक्या हा सह्याद्रीतील वृक्ष त्यातील कर्करोगविरोधी घटकासाठी मोठ्या प्रमाणावर तोडला गेला. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली; महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला; २०१२ साली पश्चिम घाटातील स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. या सर्व उपाययोजना आपल्या ठिकाणी योग्यच आहेत, पण गुळवेल व अडुळशासाठीही आपण रानाकडेच पाहत राहिलो तर त्यांचा उपयोग मर्यादित राहील.

काही द्रव्ये मात्र रानातूनच येणार. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत बाळहिरडा उन्हाळ्यात गोळा करून उन्हात वाळविला जातो आणि अनेक आदिवासी कुटुंबांचे वर्ष त्यावर चालते. वळीव लवकर कोसळला की वाळवण भिजते, काळे पडते, भाव उतरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानेही त्या भागात हिरड्याचे नुकसान केले. कालवैकृताची झळ रुग्णास लागण्याआधी औषध गोळा करणाऱ्या हातांस लागते. आपल्या कपाटातील हिरडा कोणत्या पावसाच्या आधी वाळला, हे विचारण्याची सवय वैद्यास असावी. तसे विचारणारे गिऱ्हाईक असेल तरच चांगल्या मालास चांगला भाव मिळेल.

समारोप

सुश्रुताचार्य म्हणतात की ऋतू अविकृत असता औषधी व जल अविकृत राहतात. याचा व्यत्यासही वैद्याने ध्यानी घ्यावा : ऋतू बिघडला असता औषधी, जल आणि अग्नी या तिन्हींकडे पुन्हा नव्याने पाहावे लागते. वेधशाळेचे अंदाज एखाद्या क्षेत्रापुरते असतात. आपला रुग्ण मात्र एका विशिष्ट गावात, एका विशिष्ट उतारावर राहतो. त्या गावाची नोंद करणारा दुसरा कोणी नाही.

संघटनेच्या सभासदांस आमची विनंती एवढीच की, येत्या प्रावृट् ऋतूपूर्वी प्रत्येकाने एक वही आखावी, अंगणात एक भांडे ठेवावे आणि वरील आठ द्रव्यांपैकी निदान तीन लावावीत. घाटमाथा, पायथा आणि पूर्वेकडील पठार, अशा तीन ठिकाणच्या वैद्यांनी आपापल्या नोंदी वर्षअखेरीस एकत्र बसून ताडून पाहिल्या, तर सह्याद्रीच्या ऋतुचर्येचा एक स्थानिक तक्ता काही वर्षांत सिद्ध होऊ शकेल. आज आपण रुग्णास देतो त्या छापील पत्रकापेक्षा तो अधिक शास्त्रशुद्ध असेल, आणि आपल्याच भूमीचा असेल.